किल्ल्या ठेवायचा पक्षी: कामाच्या नोंदी

३ मार्च

ताईच्या किल्ल्या सापडत नाहीत. हरवत नाहीत तशा, घरातच असतात, उशीखाली, कालच्या पँटच्या खिशात, एकदा तर बुटात, पण निघायच्या वेळी सापडत नाहीत आणि मग सगळं घर शोधत बसतं. तिच्याकडे दाराशेजारी हुक आहेत, एक सोडून चार, चांगले मजबूत, आणि चारही रिकामे. म्हणजे जागेचा प्रश्न नाहीये. हुकाला किल्ली लावली काय नि नाही लावली काय, हाताला त्यातून काहीच मिळत नाही, म्हणून हात तिकडे जात नाही, असं मला वाटतं.

तिच्या वाढदिवसाला अजून अडीच-तीन महिने आहेत. तेवढ्यात असं काहीतरी करायचंय की आत आल्यावर तिचा हात आपोआप तिकडे जाईल. नोंदी रोजच्या रोज लिहायच्या म्हणतेय, कारण मागच्या वेळी दिवा केला तेव्हा कुठला निर्णय का घेतला ते महिन्याभराने मलाच आठवत नव्हतं.

५ मार्च

आज नुसतं बघत बसले, लोकांनी आधी काय केलंय ते.

खेळकर वस्तू म्हणून जे विकायला असतं त्यातलं बरंचसं मला पटत नाही. साधी वस्तू घ्यायची, तिला डोळे आणि कान चिकटवायचे, झाली गंमत. पहिल्या दिवशी हसू येतं, चौथ्या दिवशी ते डोळे दिसेनासे होतात. पण मायकल ग्रेव्ह्जने अलेसी या कंपनीसाठी १९८५ मधे केलेली किटली बघा, ९०९३ नंबरची, तिच्या तोटीवर छोटा पक्षी बसलाय आणि पाणी उकळलं की तोच शिट्टी घालतो. शिट्टी तर किटलीला लागतेच, तीच पक्ष्याला दिली. त्याच कंपनीची दोन वर्षं आधीची रिचर्ड सॅपरची किटली आहे, तिच्यात पितळेच्या दोन नळ्या आहेत आणि दोन सूर एकदम वाजतात, तिथे तर पक्षीसुद्धा नाही, तरी पाणी उकळायची वाट बघावीशी वाटते.

आणि डेन्मार्कच्या काय बोयसेन या डिझायनरचं माकड! १९५१ चं, सागाचं आणि लिंबा नावाच्या फिकट लाकडाचं, आता शोभेची वस्तू म्हणून सगळे ओळखतात, पण मुळात ते मुलांचे कपडे अडकवायचा हुक म्हणून सुचलं होतं. त्याचे हात असे आकड्यासारखे वळलेले का आहेत ते हे कळल्यावर एकदम लक्षात येतं. चार्ल्स आणि रे ईम्सचा हँग-इट-ऑल, १९५३ चा, तोही मुलांनी आपले कपडे-खेळणी टांगावीत म्हणून, तारेच्या चौकटीवर रंगीत लाकडी गोळे. त्यात गोळा मोठा असल्यामुळे कपड्याला टोचत नाही, खूण पडत नाही. म्हणजे रंगीत गोळा हे खेळणंही आहे आणि हुकाचं टोकही, दोन्ही एकच.

माझ्यासाठी नियम ठरला. गंमत ही कामातच असली पाहिजे, गंमत काढून घेतली तर कामही बंद पडलं पाहिजे.

८ मार्च

सुचलं! पाडलं तरी उठून उभं राहणारं ते बाहुलं असतं ना, बुडाला गोल आणि आत वजन, तसा पक्षी. चोचीत किल्ल्या अडकवल्या की वाकतो, काढल्या की सरळ. लांबूनच दिसेल किल्ल्या घरात आहेत की नाहीत.

प्लास्टिकच्या चेंडूचा अर्धा भाग, आत मातीचा गोळा दाबून बसवला, वर पुठ्ठ्याचा पक्षी. अर्ध्या तासात डोलायला लागला. मला इतका आनंद झाला की जेवणं झाल्यावरसुद्धा मी त्याला टिचक्या मारत बसले होते.

९ मार्च

चोच चालणार नाही. किल्ल्यांचा जुडगा रिंगसकट हातभर नसला तरी चांगला दहा-बारा सेंटीमीटर लांब लोंबतो, तो खाली टेबलाला टेकतो, आणि टेकला की त्याचं वजन पक्ष्यावर येतच नाही. पक्षी उंच करावा तर बगळा होतो आणि धक्का लागला की आडवा. शिवाय आज दिवसभर समोर ठेवून एक गोष्ट खटकली, किल्ल्या घरी आल्या की तो मान खाली घालतो. हे उलटं आहे. माणूस घरी आल्यावर त्याने वर बघायला हवं.

म्हणून किल्ल्या शेपटीकडे. पण लटकवायच्या नाहीत, शेपटीच चमच्यासारखी खोलगट करायची आणि तिच्यात किल्ल्या टाकायच्या. टाकल्या की शेपूट खाली, मान वर. उचलल्या की चोच जराशी खाली, वाट बघत असल्यासारखी. हे मनात आल्यावर मला खात्री झाली की आता वस्तू मिळाली, बाकी नुसतं काम उरलं.

१३ मार्च

नुसतं काम म्हटलं खरं, पण चार दिवस गणितात गेले, ते नीट लिहून ठेवते.

असा पक्षी उठून उभा का राहतो? बुडाचा गोल घ्या, त्या गोलाचा मध्य कुठेतरी पोटात येतो. पूर्ण पक्ष्याचा गुरुत्वमध्य जर त्या मध्याच्या खाली असेल तर तो कलला की परत येतो, वर असेल तर पडतो. किती खाली, त्यावर सगळं अवलंबून. पक्ष्याचं वजन गुणिले हे खालचं अंतर, याला मी ताठपणा म्हणतेय. ताठपणा जास्त तर किल्ल्या टाकूनही कमीच कलणार, ताठपणा कमी तर नुसत्या फुंकरीने डोलणार.

किल्ल्यांच्या बाजूने बघायचं तर त्यांचं वजन गुणिले मधल्या रेषेपासून त्या किती मागे आहेत ते अंतर, एवढा त्यांचा जोर. आणि एक गंमत अशी की चमचा गोलाच्या मध्यापेक्षा वर असेल तर पक्षी कलायला लागल्यावर किल्ल्या आणखी मागे सरकतात, म्हणजे त्या ताठपणातून स्वतःचा वाटा वजा करतात.

घरातल्या नि शेजारच्या मिळून सात जुडग्यांची वजनं केली. सगळ्यात हलका २५ ग्रॅम, दोन किल्ल्या आणि रिंग. सगळ्यात जड ८० ग्रॅम. २५ ला पक्ष्याने पूर्ण मान वर करायला हवी आणि ८० ला उलटं पडता कामा नये. मापं ठरवली ती अशी, बुडाच्या गोलाची त्रिज्या ४५ मिलीमीटर, चमच्याचा मध्य ४० मिलीमीटर मागे आणि गोलाच्या मध्यापासून २५ वर.

एक आडवाट, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आत वजन न भरता, एकाच मालाचा, फक्त आकाराच्या जोरावर उठून उभा राहणारा घन आहे, गॉम्बॉक म्हणतात त्याला, हंगेरीच्या गाबोर डोमोकोश आणि पेतेर वारकोनी यांनी २००६ मधे तो करून दाखवला. कुठेही आत गेलेला खळगा नाही, तोल सांभाळून स्थिर बसायची जागा एकच. उलटं पडल्यावर सरळ होणाऱ्या काही कासवांच्या पाठी त्याच्या आकाराच्या जवळ जातात. माझा पक्षी त्यामानाने साधा, तो वजनावर चालतो.

१७ मार्च

थ्रीडी प्रिंट काढला, पीएलए नावाच्या प्लास्टिकमधे, पोकळ. पोटात स्टीलचे वॉशर रचले. शिसं जड आणि स्वस्त पडतं पण ते विषारी आहे आणि ताईच्या घरी सात वर्षांचा भाचा आहे, त्यामुळे तो विचार पहिल्या मिनिटाला बाद. वॉशर हलू नयेत म्हणून वरून इपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारा गोंद, ओतली.

१८ मार्च

प्रिंट वाया गेला. इपॉक्सी घट्ट होताना गरम होते हे माहिती होतं, पण जाड थरात किती गरम होते ते काल कळलं. एकदम ओतल्यावर उष्णतेला बाहेर पडायला जागाच राहत नाही, ती आतल्या आत वाढत जाते, आणि पीएलए साठ अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. सकाळी बघते तर बूड एका बाजूने फुगलंय, पक्षी कायम डावीकडे झुकून बसतोय, दिसायला फारसं काही नाही पण बुडाचा गोल जरा जरी बिघडला तरी सगळा तोल बिघडतो.

दुसऱ्या प्रिंटमधे इपॉक्सी अजिबात नाही. मधोमध उभा बोल्ट, त्यावर वॉशर, वरखाली दोन नट. याचा फायदा मोठा आहे, वॉशर वर-खाली सरकवून तोल पाहिजे तसा लावता येतो. हे आधीच सुचायला हवं होतं.

२३ मार्च

एवढ्या तयारीनंतर पक्षी नीट चालला नाही, म्हणजे चालला पण त्याच्यात जीव नव्हता. मी जितके मावतील तितके वॉशर भरले होते, जड म्हणजे चांगला असं डोक्यात होतं. पूर्ण वजन ५२० ग्रॅम. हलका जुडगा टाकला तर जेमतेम सात अंश कलला. टिचकी मारली की भराभरा दोनदा हलून गप्प, एखाद्या स्प्रिंगसारखा. उलटं गणित करून बघितलं तर गुरुत्वमध्य मध्याच्या १७ मिलीमीटर खाली निघाला.

मग वॉशर काढत गेले. एक काढायचा, टिचकी मारायची, किल्ल्या टाकायच्या, लिहायचं. तळाचे १४० ग्रॅम काढले तेव्हा वजन ३८० वर आलं आणि गुरुत्वमध्य साधारण ९ वर, आणि तिथे एकदम तो पक्षी झाला! हळू डोलतो, एका बाजूला जाऊन जरा थांबल्यासारखा वाटतो, मग परत येतो. तेच प्लास्टिक, तोच आकार, फक्त वजन कमी केलं आणि हालचालीला स्वभाव आला. २५ ग्रॅमला वीस अंश कलला. ८० ग्रॅमला मात्र एवढा मागे गेला की किल्ल्या घरंगळून खाली, त्यामुळे कुठेतरी अडवायला हवं.

मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. वस्तू किती वेगाने हलते त्यावरून माणूस तिचं मन ठरवतो. भराभर हलली तर घाबरट वाटते, सावकाश हलली तर शहाणी वाटते. चेहरा काढायच्या आधी चाल ठरवायची.

२४ मार्च

पुढे-मागे एक मिलीमीटर. वॉशर सरकवून गुरुत्वमध्य मधल्या रेषेच्या एक मिलीमीटर पुढे आणला की रिकामा पक्षी सहा अंश चोच खाली घालून बसतो. दोन मिलीमीटर आणला तर बारा अंश, मग तो दुःखी दिसतो आणि हलक्या जुडग्याला उचलला जात नाही. एकच बरोबर.

२९ मार्च

अडवायचं कसं? शेपटीचं टोकच वाकवून खाली आणलं. बारा अंश कलला की टोक टेबलाला टेकतं, तिथे थांबतो. हिशेबाने सरळ असताना टोक टेबलापासून १६ मिलीमीटर वर राहायला हवं, तसं कापलं, लावलं, किल्ल्या टाकल्या, आणि टक!

हा आवाज मी ठरवलेला नव्हता. किल्ल्या पडतात तो खळखळाट, मग अर्धा क्षण काहीच नाही, पक्षी मागे जातो, आणि टक. त्या अर्ध्या क्षणासाठी मी संध्याकाळी किती वेळा किल्ल्या टाकल्या असतील.

३० मार्च

रात्री आईला तो आवाज टोचला म्हणून टोकाला फेल्टची गोल चकती लावली. आवाज गेला. सकाळपासून बघतेय, मी त्याच्यात किल्ल्या टाकायच्या विसरतेय. काल एकदाही विसरले नव्हते.

फेल्ट काढली. त्याऐवजी टोकाला लाकडाचा लहान तुकडा, कारण प्लास्टिकचा टक कडक होता आणि लाकडाचा मऊ आहे. आईने ऐकला, म्हणाली आता ठीक आहे, कोणीतरी दारावर हलकेच वाजवल्यासारखा आहे.

६ एप्रिल

प्रिंटवालाच पक्षी ताईकडे नेऊन ठेवला आठवडाभर. सरप्राइज वगैरे राहिलं नाही, पण ज्या माणसाची वस्तू आहे त्याच्या घरात ठेवल्याशिवाय काही कळत नाही असं माझं मत आहे. ताईने बघितलं, किल्ल्या टाकल्या, परत उचलल्या, परत टाकल्या. "अगं हा बघतोय माझ्याकडे," म्हणाली. डोळे काढलेलेच नाहीत त्याला अजून.

९ एप्रिल

ताईचा फोन. किल्ल्या नसतानाही पक्षी वरच बघतोय. माझ्याकडे तर व्यवस्थित होता.

१२ एप्रिल

जाऊन बघितलं. तिच्या दाराजवळची फळी मागे कललेली आहे, मोबाइलच्या लेव्हलने दीड अंश. डोळ्याला दिसत पण नाही. पण गोल बुडाच्या वस्तूला उतार फार लागतो, तो उतार जसाच्या तसा लागत नाही, त्रिज्या भागिले गुरुत्वमध्याचं अंतर इतक्या पट होऊन लागतो. माझ्या पक्ष्यात ४५ भागिले ९, म्हणजे पाचपट. दीड अंशाचे साडेसात झाले आणि माझे सहा अंश खाऊन वर दीड उरला.

म्हणजे जो हळुवारपणा मला इतका आवडला होता तोच इथे नडला. वॉशर खाली नेऊन ताठ केला तर उतार कमी लागेल पण हलका जुडगा उचलला जाणार नाही. दोन दिवस वहीत आकडे फिरवले. सुटका शेवटी शेपटीत मिळाली, किल्ल्या आणखी मागे नेल्या तर त्यांचा जोर वाढतो, मग ताठपणा वाढवला तरी चालतो. चमचा ४० ऐवजी ५२ मिलीमीटर मागे, गुरुत्वमध्य ९ ऐवजी १२ खाली, वजन ४०० ग्रॅम. आता उतार पाचपट नाही, पावणेचारपट लागतो. रिकामा असताना चोच पाच अंशाला थोडी कमी, आणि २५ ग्रॅमला बारा अंश जेमतेम गाठतो, पण गाठतो. लांब शेपटीने दिसायलाही बरा झाला, आधी कोंबडीच्या पिल्लासारखा बुटका होता.

तेवढ्यानेही दीड अंश पूर्ण जिरत नाही, म्हणून पक्ष्याखाली छोटी गोल पाटी द्यायची, तीन पाय, त्यातला एक स्क्रूचा, एकदा सरळ करून घेतली की झालं. पाटीमुळे टक पण प्रत्येक घरात सारखा येईल, काचेच्या टेबलावर तो फार टणक यायचा आणि टेबलक्लॉथवर यायचाच नाही.

१९ एप्रिल

लाकूड. बीच घेतलं, रेषा बारीक, फारशी कुसळं निघत नाहीत, खेळण्यांना वापरतात ते यासाठीच. एकच जाड ठोकळा घ्यायचा मोह होता पण बीच हवेतल्या ओलाव्याने बरंच फुगतं-आकसतं आणि जाड ठोकळा तडकतो, म्हणून तीन फळ्या चिकटवून ठोकळा केला. क्लॅम्प लावून ठेवलाय.

२१ एप्रिल

मित्राच्या वर्कशॉपमधे लेथवर. आज फक्त कच्चा गोल काढला, चार-पाच मिलीमीटर जादा ठेवून. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच आडव्या दिशेने आकसतं, त्यामुळे आज अगदी गोल काढलेलं बूड महिन्याभराने अंडाकृती होऊ शकतं. आणि माझं सगळं गणित त्या गोलावर उभं आहे. म्हणून कच्चा काढून ठेवायचा, त्याला जे काय वाकडं व्हायचंय ते होऊ द्यायचं, मग शेवटचा हात.

दोन काढले, एक जादा असावा म्हणून.

२ मे

डोळ्यांवरून माझं आणि मित्राचं बरंच बोलणं झालं. तो म्हणतो दोन ठिपके तरी दे, नाहीतर लोकांना पक्षी कळणार नाही. मी पेन्सिलने ठिपके काढून बघितले आणि खोडले. ठिपके असले की तो एकाच दिशेला बघतो, नसले की मान वर केल्यावर तुमच्याकडे बघतो असं वाटतं, ताईला वाटलं तसंच. पितळेच्या खिळ्यांचे डोळे छान दिसले असते पण निखळले तर लहान मुलाच्या तोंडात जातील. डोळे नाहीत. चोच मात्र वेगळ्या गडद लाकडाची, कारण दारातून, चार-पाच पावलांवरून ती वर आहे की खाली हे दिसायला हवं.

१४ मे

शेवटचा हात. गोल तपासायला पुठ्ठ्यात ४५ च्या त्रिज्येची अर्धगोल खाच कापून घेतली, ती सगळीकडून लावायची आणि मागून उजेड धरायचा, जिथून उजेड दिसेल तिथे कमी-जास्त आहे. तासभर हेच.

मग वॉशरसाठी भोक. ते बुडातून पाडता येत नाही, कारण पक्षी ज्या भागावर लोळतो तो भाग नेमका तोच, तिथे बुच बसवलं तरी कड लागणार. म्हणून वरून, मानेच्या जागी, २८ मिलीमीटरचं फोर्स्टनर बिट, म्हणजे सपाट तळाचं भोक पाडणारं, आणि डोकं बसलं की भोक झाकलं जातं. पहिल्या पक्ष्यात तळाला चार मिलीमीटर ठेवायचे ठरवले होते आणि बिटच्या मधलं टोक पुढे असतं हे हिशेबात धरलं नाही, टोक बुडातून बाहेर आलं. अगदी बारीक छिद्र, पण बरोब्बर मधोमध. दुसऱ्यात आठ ठेवले. जादा काढून ठेवल्याचं समाधान वाटलं.

१५ मे

सँडपेपर १२०, १८०, २४०, ३२०. हात दुखतोय. बुडाला शेवटी फक्त ३२०, जास्त घासलं तर गोल जातो.

१८ मे

शेपटीच्या चमच्याला आतून खोल चर दिला. सपाट ठेवला होता तर किल्ल्या एका बाजूला पडल्या की पक्षी तिरका व्हायचा, आता त्या आपोआप मधे घसरतात. टोक टेबलापासून १८ मिलीमीटर, शेपूट लांबल्यामुळे ते बदललं.

जवसाच्या तेलाचा पहिला हात. चिंध्या बाहेर दोरीवर मोकळ्या वाळत घातल्या, बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, हे तेल हवेशी संयोग होऊन सुकतं आणि त्यात गरम होतं, चुरगाळलेली चिंधी आपोआप पेटू शकते. सुकायला दिवस लागतात, घाई नाही.

२५ मे

तेलाचे तीन हात झाले. आज वॉशर लावून तोल केला. लाकडाचं वजन प्रिंटपेक्षा वेगळं, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून, पण या वेळी काय शोधतेय ते माहिती होतं, वीस मिनिटांत झालं. नटावर शेवटचा पाव फेरा असा की दिला तर चोच पाटीपासून बोटभर, नाही दिला तर दोन बोटं. दिला. मग डोकं चिकटवलं. आता आत काही बदलता येणार नाही.

३ जून

दिला. डबा उघडल्यावर ताईने पहिल्यांदा त्याला टिचकीच मारली. सगळेच टिचकी मारतात, मी अजून एकही माणूस बघितला नाही ज्याने आधी किल्ल्या टाकल्या. मग पाटीचा स्क्रू फिरवून सरळ केली, किल्ल्या टाकल्या, टक, आणि ती माझ्याकडे बघून काही बोललीच नाही, परत उचलून परत टाकल्या.

१२ जून

नऊ दिवसांत किल्ल्या एकदाही शोधाव्या लागल्या नाहीत असं ताई म्हणाली. तिला स्वतःला जाणवलेली गोष्ट मात्र वेगळी आहे, निघताना ती आता दारातूनच चोच बघते, वर असेल तर किल्ल्या अजून आतच आहेत. मी येतानाचा विचार केला होता, जातानाचा केलाच नव्हता.

२१ जून

आज ताई किल्ल्या घेऊन निघाली तरी पक्षी वरच बघत होता. चमच्यात भाच्याने नदीतला गोटा ठेवला होता. तिने विचारलं तर म्हणाला, "तू गेलीस की तो खाली बघतो, मला ते आवडत नाही."

ताई त्याला गोटा काढायला सांगत होती, मी म्हटलं दोन दिवस राहू दे. किल्ल्यांची खूण चुकते हे खरं, पण तो जे म्हणतोय तेही पक्ष्याच्या चालीतूनच आलंय, ती चाल मीच एक-एक वॉशर काढून लावलीय. त्याला वेगळा करून द्यायला हवा.

२२ जून

फोनवर बोलले त्याच्याशी. "मावशी, माझा छोटा कर, आणि शेपटीत गोटा बसला पाहिजे." गोट्याचं वजन करून सांग म्हटलं, त्याने आजूबाजूचे तीन गोटे आणून केलं, ३०, ४२ आणि ५५ ग्रॅम.

बुडाची त्रिज्या ३० धरतेय, गुरुत्वमध्य तेवढाच खाली ठेवला तर लहान त्रिज्येला उतार पण कमी लागेल, मग पाटी लागणार नाही बहुतेक. वजन दीडशेच्या आत ठेवायचं, हातातून पायावर पडलं तरी लागू नये. ५५ चा गोटा तेवढ्या हलक्या पक्ष्याला जड जाईल, त्यासाठी चमचा गोलाच्या मध्याच्या जवळ, खाली आणावा लागेल. भोक पडलेला पहिला पक्षी आहेच, त्याचंच लाकूड परत लेथवर लावून लहान काढता येईल, ते बारीक छिद्र त्यात कापलं जातं का ते उद्या मोजून बघते.